फ्लेक्सवरचं कुटुंब, शपथपत्रातलं कुटुंब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि निवडणूक आली की केंद्राध्यक्ष म्हणून मतपेट्या घेऊन एसटीने आडगावी जायचे. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेला विषय. वेळ उरला तर शिकवायचा, अशी आपल्याकडे रीत. गुरुजी तो जूनमध्ये, शाळा उघडताच शिकवायला घेत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून निवडणुकीविषयी बोलायचं ठरलं तेव्हा पैसा, पक्षांतर, जाहीरनामे असे मोठे विषय समोर होते. मी दिसायला लहान विषय निवडला आहे. उमेदवार आपल्या प्रचारात घरच्या माणसांचे फोटो का लावतात आणि त्या फोटोंनी आपलं मत कसं वळतं, याविषयी मी बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. उमेदवाराच्या घराविषयी काही गोष्टी मतदाराला कळायलाच हव्यात. पण त्या फोटोतून कळत नाहीत. उलट फोटो पाहून मन भरलं की त्या विचारायच्या राहून जातात.

निवडणुकीच्या हंगामात तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात तासभर बसून पाहा. फोटो व्हॉट्सॲपवर येतात. उमेदवाराचा स्वतःचा फोटो स्टुडिओतला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात जोडलेले. वडील वारलेले असले तर त्यांचा फोटो मिळतो तो एखाद्या जुन्या ओळखपत्रावरचा, कृष्णधवल. दुकानातला पोरगा त्याला रंग भरतो, टोपी पांढरीशुभ्र करतो. वहिनींचा फोटो भाचीच्या लग्नातला, पैठणी आणि नथ. शेजारी उभी असलेली पाहुणी कापून टाकली तरी तिचा हात वहिनींच्या खांद्यावर उरतो, तो पुसण्यात वेळ जातो. मुलगा पुण्याला शिकतो, त्याचा फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवरून उचललेला. सगळ्यांना कापून एका निळ्या आभाळासमोर बसवलं की लक्षात येतं, एकाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आहे आणि दुसऱ्याच्या उजवीकडून. मग एखादा चेहरा आरशासारखा उलटा फिरवायचा. दुसऱ्या दिवशी तो बोर्ड चौकात लागतो आणि येणारे-जाणारे म्हणतात, घर कसं भरलेलं आहे. माणसं खरीच त्या घरातली असतात, पण तशी एका जागी ती कधी उभी राहिलेली नसतात.

हे फक्त आपल्याकडचं किंवा फक्त आजचं आहे असं समजू नका. ९ फेब्रुवारी १८६४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, टॅडला घेऊन वॉशिंग्टनमधल्या मॅथ्यू ब्रेडी यांच्या स्टुडिओत गेले. अँथनी बर्गर या छायाचित्रकाराने बापलेकांचा फोटो काढला. लिंकन बसलेले, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर मोठं पुस्तक, आणि शेजारी उभा राहून मुलगा त्यात पाहतो आहे. ते पुस्तक म्हणजे ब्रेडी यांच्या स्टुडिओतला फोटोंचा अल्बम होता. पुढे लोकांनी तो बायबल मानला. वडील मुलाला धर्मग्रंथ वाचून दाखवत आहेत, असा त्या चित्राचा अर्थ घरोघरी रूढ झाला.

१८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि लोकांना त्यांच्या सगळ्या कुटुंबाचं चित्र हवंसं झालं. असा फोटो नव्हताच. लिंकन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांचा एकत्र काढलेला एकही फोटो आज ज्ञात नाही. मग चित्रकारांनी आणि छापखान्यांनी बर्गर यांच्या फोटोतले बापलेक घेतले, त्यांच्याभोवती मेरी आणि थोरला मुलगा रॉबर्ट यांना टेबलाशी बसवलं, आणि अशी कौटुंबिक चित्रं छापून विकली. आपल्या फ्लेक्सच्या दुकानात जे चालतं तेच. यात लिंकन यांचा दोष काडीचाही नाही. मला लक्ष वेधायचं आहे ते गिऱ्हाइकांकडे. नेत्याचं भरलेलं घर पाहण्याची भूक मतदारांची आहे. उमेदवार ती ओळखतो, इतकंच. म्हणून या विषयावर बोलताना सगळा राग पुढाऱ्यांवर काढून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

आता ज्या प्रसंगाने मला या विषयात ओढलं, तो जरा सविस्तर सांगतो. १९५२ साली रिचर्ड निक्सन हे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांच्या राजकीय खर्चासाठी श्रीमंत समर्थकांनी सुमारे १८,००० डॉलरचा निधी जमवला आहे अशी बातमी फुटली. त्यांनी माघार घ्यावी अशी मागणी त्यांच्याच पक्षातून होऊ लागली. २३ सप्टेंबरला त्यांनी दूरचित्रवाणीवर अर्धा तास भाषण केलं; सुमारे सहा कोटी लोकांनी ते पाहिलं किंवा ऐकलं. अभ्यासिकेसारखा सेट उभारला होता, आणि बाजूला खुर्चीत त्यांची पत्नी पॅट बसली होती. तिला एक शब्दही बोलायचा नव्हता. फक्त नवऱ्याकडे पाहत बसायचं होतं, आणि कॅमेरा मधूनमधून तिच्याकडे वळत होता.

त्या भाषणात निक्सन यांनी आपला हिशेब खरोखरच मांडला होता. वॉशिंग्टनमधलं घर कितीला घेतलं, त्यावर देणं किती, आयुर्विमा किती, गाडी १९५० ची ओल्डस्मोबाइल. उमेदवाराने आपली मालमत्ता आणि कर्ज देशापुढे असं वाचून दाखवणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण हिशेबाला जोडून ते म्हणाले की माझ्या बायकोकडे उंची फरचा कोट नाही, साधा कापडी आहे. आणि टेक्सासहून कुणीतरी आमच्या मुलींना एक कुत्र्याचं पिल्लू भेट पाठवलं आहे, सहा वर्षांच्या ट्रिशाने त्याचं नाव चेकर्स ठेवलं आहे, आणि काही झालं तरी ते आम्ही परत करणार नाही. पाठिंब्याच्या तारांचा आणि पत्रांचा पाऊस पडला. उमेदवारी वाचली, निवडणूक जिंकली. ते भाषण आजही ‘चेकर्स भाषण’ म्हणून ओळखलं जातं. घरावरचं कर्ज किती होतं हे कुणाच्या लक्षात नाही, कुत्र्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. हिशेब आणि कुटुंब एकाच वेळी समोर ठेवलं की माणूस कुटुंबाकडे बघतो. प्रचार आखणाऱ्यांनी हा धडा त्या रात्री गिरवला, तो आजवर विसरलेले नाहीत. हेच निक्सन पुढे अध्यक्ष झाले आणि वॉटरगेट प्रकरणात ऑगस्ट १९७४ मध्ये पायउतार झाले.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. अध्यक्षांच्या टेबलाखालच्या दारातून डोकावणारा त्यांचा छोटा मुलगा जॉन, हा स्टॅन्ली ट्रेटिक यांचा ऑक्टोबर १९६३ मधला फोटो. मुलांचे असे फोटो काढणं केनेडींच्या पत्नी जॅकलीन यांना आवडत नसे. हे फोटो काढले तेव्हा त्या परदेशी होत्या. फोटो सुंदर आहे, बापलेकाचं प्रेमही खरं असेल. पण त्याच केनेडींना ॲडिसन्स डिसीज हा गंभीर आजार होता, आणि १९६० च्या प्रचारात तो साफ नाकारला गेला होता. अध्यक्षाची प्रकृती ही देशाच्या कामाची बाब, ती झाकून ठेवली. मुलाचं खेळणं ही घरातली बाब, ती मात्र देशाला दाखवली.

आणि अगदी अलीकडचं. २०२४ मध्ये व्हर्जिनियातून अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी उभे असलेले डेरिक अँडरसन यांच्या प्रचारसाहित्यात एक बाई आणि तीन मुलींसोबतचे त्यांचे फोटो आले. अँडरसन अविवाहित होते. ती बाई आणि त्या मुली त्यांच्या मित्राच्या कुटुंबातल्या होत्या. वर्तमानपत्रांनी हे छापल्यावर त्यांच्या बाजूने खुलासा असा आला की उमेदवार समर्थकांबरोबर आणि मित्रपरिवाराबरोबर फोटो काढतातच. ते निवडणूक हरले. ते याच कारणाने हरले असं म्हणण्याला आधार नाही. पण बायकामुलं नसलेल्या माणसालाही ती फोटोपुरती जवळ उभी करावीशी वाटली, यावरून त्या फोटोचा बाजारभाव कळतो.

आता महाराष्ट्रात येऊ. आपल्या फ्लेक्सवर फोटोचं काम थोडं वेगळं आहे. अमेरिकेत उमेदवार कुटुंब दाखवून सांगतो, मी चांगला नवरा आहे, चांगला बाप आहे. आपल्याकडे तो बहुधा सांगतो, मी अमक्याचा मुलगा आहे, तमक्याचा पुतण्या आहे. वरच्या पट्टीत महापुरुष, त्याखाली पक्षाचे नेते, मग ‘प्रेरणास्थान’ म्हणून वडील, आणि खाली हात जोडून आपण. ही मांडणी म्हणजे वारशाचं वाटपपत्रच आहे. म्हणूनच आपल्याकडे फोटोवरून भांडणं होतात, ती थेट कार्यकारिणीपर्यंत आणि न्यायालयापर्यंत जातात. शिवसेनेत फूट पडली तेव्हा २५ जून २०२२ रोजी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने ठराव केला की पक्षाचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दुसऱ्या कुणी वापरू नये. २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजित पवार यांच्या पक्षाला शरद पवारांचं नाव आणि फोटो प्रचारात वापरणार नाही अशी हमी द्यायला सांगितलं. काकांचा फोटो पुतण्याने लावावा की नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ऐकावं लागलं. त्यानंतरच्या लोकसभेत बारामतीत नणंद आणि भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि सुप्रिया सुळे दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या. त्या प्रचारात कुटुंबावर जितकं बोललं गेलं, त्याच्या निम्मं तरी पुरंदर-दौंडच्या पाण्यावर बोललं गेलं का, हा प्रश्न मला आजही छळतो.

कुटुंब नसणं हीसुद्धा प्रतिमा होऊ शकते. मार्च २०२४ मध्ये पाटण्याच्या सभेत लालूप्रसाद यादव यांनी पंतप्रधानांना कुटुंब नसल्यावरून टोमणा मारला, आणि दोनच दिवसांत भाजपच्या नेत्यांनी समाजमाध्यमांवर आपल्या नावापुढे ‘मोदी का परिवार’ लिहिलं. भरलेलं घर हे जसं भांडवल, तसं रिकामं घरही.

मला सर्वांत जास्त वेळ ज्यावर द्यायचा आहे ती गोष्ट आपल्या गावातली आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. आता चौकातला बोर्ड पाहा. पुरुष उमेदवार असतो तेव्हा बायको त्याच्या बाजूला लहान, नटलेली, घर सुखाचं आहे याची खूण म्हणून. जागा महिलेसाठी राखीव झाली की बाई मधे येते, पण नवरा जात नाही. तो तिच्या मागे तिच्याहून मोठा उभा राहतो. नाव तिचं, त्यात नवऱ्याचं नाव पूर्ण, आणि खाली मोबाइल नंबर नवऱ्याचा. निवडून आल्यावर मिरवणुकीत हार त्याच्या गळ्यात. दोन्ही बोर्डांवर तीच बाई आहे. एकावर ती शोभा आहे, दुसऱ्यावर ती सही आहे.

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने या ‘सरपंचपती’ प्रकाराचा अभ्यास करायला २०२३ मध्ये समिती नेमली. २०२५ च्या तिच्या अहवालात अशा नवऱ्यांवर कडक दंडाची शिफारस आहे. दंड जरूर व्हावा. पण बाईची अडचणही समजून घ्या. ती त्या गावची सून असते. बालपण, शाळा, मैत्रिणी सगळं माहेरी. सासरच्या गावात वीस वर्षं राबूनही लोक तिला अमक्याची बायको म्हणूनच ओळखतात. पहिल्या निवडणुकीत नवऱ्याचा फोटो नसेल तर ही कोण, असं विचारणारे आपणच असतो. ज्या बायका पदावर टिकल्या, ग्रामसभेत बोलल्या, ग्रामसेवकाकडून कागद मागून घेतले, त्यांच्या पुढच्या बोर्डावर नवऱ्याचा फोटो लहान होत गेलेला मी पाहिला आहे.

आपल्या राज्याने याहून धीट गोष्टी पाहिल्या आहेत. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, लाखोंच्या संख्येने बायका आल्या, आणि निवडणुकीत स्त्रियांनीच उभं राहण्याची भाषा तिथे झाली. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. सातबाऱ्यावर नाव लागणं आणि फ्लेक्सवर फोटो लागणं यांत केवढं अंतर आहे, ते त्या बायकांना विचारावं.

मुलांविषयी दोन शब्द. निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्व पक्षांना बजावलं की पत्रकवाटप, घोषणा, रॅली, प्रचाराच्या कुठल्याही कामात मुलांना वापरू नये. त्या आदेशात मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाचा दाखला होता. आई-बापांसोबत मूल नुसतं हजर असलं तर तो भंग नाही. म्हणजे उमेदवाराच्या स्वतःच्या मुलाचा प्रश्न त्याच्या विवेकावरच राहतो. आठवीतल्या मुलीचा चेहरा महिनाभर चौकात टांगायचा, विरोधकांनी त्यावर काळं फासलं तर तिने ते शाळेला जाताना पाहायचं, हे करण्याआधी तिला विचारलं का?

आणि जे मूल फोटोत नाही त्याचं काय? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी दोन अपत्यांची अट आली. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यं दोनांहून अधिक झाली तर उमेदवार अपात्र. तिसरं अपत्य लपवल्याची प्रकरणं जिल्हाधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. अशा घरात हसऱ्या चौकोनी कुटुंबाचा बोर्ड लागतो तेव्हा एक लेकरू त्या चौकटीबाहेर ठेवलेलं असतं. त्या लेकराचा विचार मनात आला की मला बाकीच्या सगळ्या प्रतिमानिर्मितीची चीड येते.

मग उमेदवाराचं घर आपण पाहायचं तरी कुठे? त्याची सोय कायद्याने केली आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेतून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी निर्णय दिला की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने कायदा बदलून तो निर्णय बोथट करायचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. तेव्हापासून विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं; आता ते नमुना २६ मध्ये असतं. त्यात स्वतःबरोबर जोडीदार, अवलंबित आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांचे रकाने आहेत. रोकड, ठेवी, गाड्या, दागिने, शेतजमीन, घरं, कर्ज, सरकारी थकबाकी, प्रलंबित गुन्हे, आणि २०१९ पासून पाच वर्षांच्या आयकर विवरणातलं उत्पन्न. सरकारशी केलेली कंत्राटं, तीही जोडीदारासकट. २०१३ मध्ये न्यायालयाने असंही सांगितलं की रकाना कोरा ठेवता येणार नाही. त्याचा परिणाम साऱ्या देशाने पाहिला. गुजरात विधानसभेच्या निवडणुकांत नरेंद्र मोदी यांनी जोडीदाराचा रकाना कोरा ठेवला होता. एप्रिल २०१४ मध्ये बडोद्यातून लोकसभेचा अर्ज भरताना त्यांनी पत्नीचं नाव लिहिलं. जे वर्षानुवर्षं कुठल्या फोटोत दिसलं नव्हतं, ते कागदाच्या एका रकान्याने सांगितलं.

शपथपत्र वाचायला कंटाळवाणं असतं, पण एकदा डोळा बसला की ते बोलू लागतं. फ्लेक्सवर शेतकऱ्याचा मुलगा म्हणून फेटा बांधलेल्या माणसाच्या शपथपत्रात व्यवसायाच्या पुढे काय लिहिलं आहे ते बघा. व्यवसाय ‘गृहिणी’ लिहिलेल्या पत्नीच्या नावावर किती बिगरशेती भूखंड आहेत आणि ते कोणत्या साली घेतले, त्या साली पतिराज कोणत्या पदावर होते, हे जोडून वाचा. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र काढून शेजारी ठेवा. खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. चौकातल्या बोर्डावर सुखी संसाराचं खोटं चित्र लावलं तर त्याला कसलीच शिक्षा नाही, आणि नसावी. संसार ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. आपल्याला त्यांचा संसार तपासायचा नाही. आपल्या करातून, आपल्या जमिनींवरून, आपल्या कंत्राटांतून त्या घरात काय गेलं, एवढंच तपासायचं आहे.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत अर्जांची छाननी झाली की गुरुजींच्या शाळेत एक संध्याकाळ ठेवा. आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातही ती लावलेली असतात. कुठल्याही पक्षाला झुकतं माप न देता ती एकामागून एक मोठ्याने वाचा, शेरा मारू नका. बारावीच्या मुलांना वाचायला बसवा, त्यांचं पहिलं मतदान जवळ आलेलं असतं. मला बोलावलंत तर मीही येईन.